घर राहण्यासाठीं कीं फिरविण्यासाठीं?

'घर पहावें बांधून आणि लग्न पहावें करून' ही म्हण आपल्या घरांतून अजून ऐकूं येते. घर बांधणें किती जिकिरीचें व खर्चाचें काम आहे हें ज्यानें तें बांधलें त्यासच कळतें, असा तिचा अर्थ. म्हण करणाऱ्या वाडवडिलांस 'घर पहावें विकून' असें कांहीं सुचलें नाहीं. कारण घर विकण्याची पाळी येणें ही त्या काळीं मान खालीं घालण्याची गोष्ट होती. आज मात्र घर किंवा घराची जागा घ्यावयाची ती विकण्यासाठींच, मध्यें एक रात्रही तेथें निजावयाचें नाहीं, असा एक धंदा आपल्या लातूर-नांदेडकडे चांगलाच रुजला आहे. बाजाराच्या भाषेंत त्यास 'प्लॉट फिरविणें' म्हणतात.

गेल्या सत्रांत दहावीच्या वर्गांत अर्थशास्त्राचा पाठ चालू असतां एका विद्यार्थ्यानें विचारलें, "सर, प्लॉट फिरविणाऱ्यांवर सरकारनें जबर कर बसविला तर आमचें घर होईल का?" वर्ग हंसला, परंतु प्रश्न हंसण्यासारखा नव्हता. त्या मुलाचे वडील आडतीवर मुनीम आहेत. नऊ वर्षें हें कुटुंब भाड्याच्या दोन खोल्यांत राहतें, आणि त्यांनीं सांठविलेली रक्कम व जागेची किंमत यांमधील अंतर कमी होण्याऐवजीं दरवर्षीं वाढतच जातें. तेवढ्यांत तासाची घंटा झाली आणि उत्तर राहून गेलें. तें येथें देत आहें. पालकांनींही तें वाचावें. कारण पुष्कळांचा या धंद्याशीं एका अंगानें किंवा दुसऱ्या अंगानें संबंध आलेला असतो.

प्रथम 'फिरविणें' म्हणजे काय तें नीट समजून घेऊं. एखादा मनुष्य पडकें घर घेतो, छप्पर काढून स्लॅब टाकतो, नळ व संडास नीट करतो आणि नफा घेऊन तें विकतो. त्यानें गांवांतील राहण्याजोग्या घरांत एकाची भर घातली. त्याचा नफा ही त्याच्या कामाची मजुरी होय. परदेशांत घरें फिरविणारे पुष्कळ लोक या वर्गांतले असतात. आमच्याकडील प्रकार निराळा आहे. आमच्याकडे घर फारसें फिरत नाहीं, मोकळी जमीन फिरते. शहराच्या कडेचें एखादें शेत अकृषिक होऊन त्याचे भूखंड पडतात. कोपऱ्यांस दगड रोवलेले, मधून मुरमाचा रस्ता, तोंडाशीं रंगीत फलक. पहिल्या धन्यापासून पांचव्या धन्यापर्यंत त्या जागेंत एक वीटही बसत नाहीं. वेड्या बाभळी मात्र माजतात.

हें आपल्याच शहरांत इतकें कां झालें? लातूर हें मुळांत बाजारपेठेचें गांव. गंजगोलाईस सोळा रस्ते येऊन मिळतात, तूर व सोयाबीन यांचे भाव येथें ठरतात. १९८२ सालीं लातूर जिल्ह्याचें ठिकाण झालें, कचेऱ्या आल्या. पुढें 'लातूर पॅटर्न' म्हणून शिक्षणाची ख्याति झाली आणि बाहेरगांवचीं हजारों मुलें खोल्या शोधीत येऊं लागलीं. २०११ च्या जनगणनेंत शहराची वस्ती सुमारें ३ लाख ८० हजार भरली. २०१८ सालीं रेल्वेडब्यांच्या कारखान्याची कोनशिला बसली, आणि कारखान्याच्या धुरापूर्वीं जमिनींच्या भावाचा धूर वर गेला! नांदेडची गोष्टही अशीच. १९९७ सालीं महानगरपालिका झाली. २००८ सालीं गुरु-ता-गद्दीच्या त्रिशताब्दीनिमित्त शहरांत रस्ते व इतर कामें झालीं. अलीकडे जालना-नांदेड द्रुतगति मार्गाची आंखणी झाली. प्रत्येक वार्तेबरोबर गांवच्या वेशीबाहेरची जमीन एकेक पायरी वर चढली. त्या वाढींत लबाडी नाहीं. माणसें येतात, त्यांस जागा लागते. प्रश्न इतकाच कीं, ती वाढ पदरांत कोणाच्या पडते, आणि मधले हात नसते तर ती कमी झाली असती काय.

आतां एक कल्पित उदाहरण घेऊं. विद्यार्थ्यांनीं कागद-पेन्सिल हातीं घ्यावी. तीस बाय चाळीस फुटांचा, म्हणजे १२०० चौरस फुटांचा एक भूखंड आहे. (एक गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट, तेव्हां हा गुंठ्याहून थोडा मोठा झाला.) मूळ मालक तो ५०० रुपये फुटानें, म्हणजे ६ लाखांस, पहिल्या गृहस्थास देऊं करतो. पहिला गृहस्थ ६ लाख देत नाहीं. तो ५० हजार रुपये इसार देतो आणि सहा महिन्यांची मुदत लिहून घेतो. दोन महिन्यांत तो तोच सौदा ६०० रुपये फुटानें दुसऱ्याच्या गळ्यांत बांधतो. भूखंडाची किंमत ७ लाख २० हजार झाली. पहिल्यास आपला इसार परत मिळाला आणि वर १ लाख २० हजार. दुसराही तसेंच करतो; ७०० रुपये फुटानें, ८ लाख ४० हजारांस, तो सौदा तिसऱ्यास देतो. हा तिसरा म्हणजे आपला मुनीम. त्यास खरोखर घर बांधावयाचें आहे. मुदत संपण्यापूर्वीं मूळ मालक थेट मुनिमाच्या नांवें खरेदीखत करून देतो.

या व्यवहारांत सरकारच्या दप्तरीं काय उमटलें? एक मालक, एक खरीददार, एक खरेदीखत. मधले दोघे कोठेंच नाहींत. इसाराच्या पावत्या फाटून गेल्या. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरणाच्या कायद्यान्वयें नुसत्या विक्रीच्या करारानें जमिनींत मालकी उत्पन्न होत नाहीं. म्हणून मधल्या माणसास आपण मालक नव्हतोंच असें म्हणतां येतें. आणि पदर झळतो तो मुनिमाचा. आपल्या शहरांत खरेदीखतावर शेंकडा सुमारें ६ मुद्रांक शुल्क व शेंकडा १ नोंदणी फी (ही फी ३० हजारांहून अधिक होत नाहीं) पडते. ८ लाख ४० हजारांवर त्याचे ५० हजार ४०० व ८ हजार ४०० मिळून ५८ हजार ८०० रुपये झाले. ज्यानें जागा राहण्यासाठीं घेतली त्यानें हा सगळा कर भरला. ज्यांनीं ती फिरविली त्यांनीं एक पैही भरली नाहीं. मधल्यांवर कर बसवावा असें जें आपणांस वाटतें तें याच चिडीमुळें, आणि ती चीड खोटी नव्हे.

परंतु कर अजिबात नाहीं असें समजूं नये. प्राप्तिकराच्या कायद्यानें जमीन किंवा घर २४ महिन्यांच्या आंत विकलें तर नफा इतर उत्पन्नांत मिळवून त्या माणसाच्या दरानें कर लागतो. वरच्या पायरीस तो शेंकडा ३० होतो. २४ महिन्यांनंतर विकल्यास, २०२४ सालच्या सुधारणेप्रमाणें, साधारणतः शेंकडा १२॥ लागतो. म्हणजे लवकर विकणाऱ्यास अधिक व थांबून विकणाऱ्यास कमी, हें तत्त्व आमच्या कायद्यांत आधींच आहे. २०१५ पासून स्थावराच्या व्यवहारांत २० हजार किंवा त्याहून अधिक रकमेचा इसार रोख घेण्यासही मनाई आहे. कायदा आहे, कागद नाहीं. जेथें कागदच नाहीं तेथें कर कशावर बसवावयाचा?

याच्या उलट एक गोष्ट महाराष्ट्रांत घडली आहे. मुद्रांकाच्या कायद्यांत अशी एक सवलत आहे कीं, बांधणाऱ्याकडून सदनिका घेणाऱ्या गुंतवणूकदारानें ती ठराविक मुदतींत पुढें विकली, तर पूर्वीं भरलेलें शुल्क नव्या शुल्कांतून वजा मिळतें. ही मुदत एक वर्षाची होती. २०२२ च्या अर्थसंकल्पानें ती तीन वर्षांची केली. म्हणजे इतर देश जेव्हां लवकर फिरविणाऱ्यास दंड करीत होते, तेव्हां आपल्या राज्यानें त्यास सूट वाढविली. हेतु बांधकामास भांडवल मिळावें हा असावा, आणि तो सर्वस्वी टाकाऊ नाहीं; न विकलेल्या घरांत पैसा अडकला तर गुत्तेदार पुढची इमारत उभारीत नाहीं. तथापि ज्या कुटुंबास एकच घर घ्यावयाचें आहे त्यास ही सूट उपयोगाची नाहीं, हें स्पष्ट बोललें पाहिजे.

आतां इतर देशांचा अनुभव पाहूं. सिंगापुरानें २०१० सालीं लवकर विकणाऱ्यावर मुद्रांक बसविला. २०११ सालीं तो असा केला कीं, घेतल्यापासून पहिल्या वर्षांत विकल्यास किंमतीच्या शेंकडा १६, दुसऱ्यांत १२, तिसऱ्यांत ८, चौथ्यांत ४. २०१७ सालीं तो हलका केला आणि २०२५ च्या जुलैंत पुन्हां पूर्वपदावर आणला. हा कर नफ्यावर नसून सबंध किंमतीवर आहे, हें ध्यानांत ठेवावें. आमच्या उदाहरणांत नफ्यावर शेंकडा २० कर घेतला असता तर पहिल्या गृहस्थाच्या १ लाख २० हजारांतून २४ हजार गेले असते. ५० हजारांच्या गुंतवणुकीवर ९६ हजार सुटतात म्हटल्यावर तो धंदा सोडील काय? तोच कर किंमतीवर शेंकडा १६ असता तर ७ लाख २० हजारांवर १ लाख १५ हजार २०० रुपये झाले असते व त्याच्या हातीं ४ हजार ८०० उरले असते. मग त्यानें वाट धरली असती. करांत 'किती' याइतकाच 'कशावर' हा प्रश्न महत्त्वाचा असतो, तो असा.

हाँगकाँगनेंही २०१० सालीं असाच विशेष मुद्रांक लावला व २०१२ सालीं वाढवून सहा महिन्यांच्या आंतील विक्रीवर शेंकडा २० केला. अशा कराच्या छायेंत तांतडीची खरेदी-विक्री आटते. किंमतीचें काय झालें तें मात्र पहा. मधली एखादी उतरण सोडली तर २०२१ पर्यंत त्या चढतच गेल्या. पुढें त्या उतरूं लागल्या, आणि २०२४ च्या फेब्रुवारींत सरकारनें तो कर काढून टाकला. तैवाननें २०११ सालीं एका वर्षाच्या आंत विकल्यास शेंकडा १५ व दोन वर्षांच्या आंत १० असा कर घातला. दहा वर्षांनीं, २०२१ सालीं, दोन वर्षांच्या आंतील नफ्यावर शेंकडा ४५ पर्यंत जाण्याची पाळी आली. पहिल्या औषधानें रोग बरा झाला असता तर दुसरी मात्रा द्यावी लागली नसती. न्यूझीलंडनें मुदत दोन वर्षांवरून पांच, पांचावरून दहा केली आणि २०२४ सालीं पुन्हां दोनांवर आणली. कॅनडांतील ब्रिटिश कोलंबिया प्रांतानें २०२५ च्या आरंभापासून एका वर्षाच्या आंतील विक्रीच्या नफ्यावर शेंकडा २० कर सुरू केला असून दोन वर्षांपर्यंत तो उतरत शून्यावर येतो. त्या कायद्यांतून मृत्यु, आजार, घटस्फोट, नोकरीची बदली अशीं कारणें वगळलेलीं आहेत. ही तरतूद मला फार शहाणपणाची वाटते. आमच्या ओळखीच्या एका बाईंनीं नवऱ्याच्या आजारपणांत सात महिन्यांपूर्वीं घेतलेली जागा विकली. तिला कोणी 'फिरविणारी' म्हणेल काय? किंमतीवरचा सरसकट कर तिच्याकडून इस्पितळाचेंच बिल हिसकावून घेता.

तर मग या करानें घरें स्वस्त होतात कीं नाहीं? याचें उत्तर पुस्तकांतून देण्याऐवजीं मी लातूरकरांस २०१६ सालच्या उन्हाळ्याची आठवण देतों. मांजरा धरण आटलें, नळ कोरडे पडले, टाक्यांपाशीं व टँकरांपाशीं भांडणें होऊं लागलीं. मार्चांत जिल्हाधिकाऱ्यांनीं पाण्याच्या ठिकाणांभोंवतीं जमावबंदीचा हुकूम काढला. हुकूम योग्य होता. त्यानें मारामाऱ्या टळल्या. परंतु त्या हुकुमानें घागरीभर पाणी वाढलें काय? पाणी आलें तें एप्रिलांत मिरजेहून रेल्वेनें. त्या गाडीस लोकांनीं 'जलदूत' म्हटलें, जमावबंदीस कोणी तसें म्हटलें नाहीं.

फिरविण्यावरील कर हा जमावबंदीच्या हुकुमासारखा आहे. गर्दी आवरतो, उतावळ्यास मागें सारतो, भाव केवळ अफवेनें चढत असेल तर त्यास लगाम घालतो. तेजीच्या दिवसांत हा लगाम खरोखर उपयोगी पडतो. कारण उद्यां भाव वाढणार म्हणून आजच घ्या, ही घाई एकदां पसरली कीं ती स्वतःच भाव वाढविते. परंतु शहरांत दहा कुटुंबें येतात व सहाच घरें बांधलीं जातात, ही जी मूळ तूट, तिला कर हात लावीत नाहीं. उलट एक अपाय संभवतो. दोन वर्षांची मुदत संपेपर्यंत धारक जागा दाबून बसतो, विक्रीस येणाऱ्या जागा कमी होतात, आणि गरजू मनुष्य कराचा बोजाही किंमतींत घालून घेतो. मागणी तगडी व माल तोकडा असला म्हणजे विकणाऱ्याच्या नांवचा कर घेणाऱ्याच्या खिशांतून जातो, हा अर्थशास्त्रांतील जुना अनुभव आहे.

सिंगापुराकडे बोट दाखविणारे लोक तेथील दुसरी बाजू सांगावयास विसरतात. तेथील सुमारें चार-पंचमांश लोक सरकारी मंडळानें बांधलेल्या घरांत राहतात. तें मंडळ १९६० सालीं स्थापन झालें आणि त्यानें अखंड बांधकाम चालू ठेविलें; त्या घरांत साधारणतः पांच वर्षें स्वतः राहिल्याखेरीज तें विकतां येत नाहीं. म्हणजे तेथें आगगाडीही होती आणि जमावबंदीही. आपल्याकडे म्हाडाच्या घरांस पांच वर्षें न विकण्याची अट आहे, आणि नांदेडांत सिडकोनें नवीन नांदेड वसविलें तें अनेक मध्यम स्थितींतील कुटुंबांस आधार झालें. असें काम पुढें त्याच नेटानें चाललें असतें, तर मुनिमाच्या मुलास कराचा प्रश्न विचारावा लागला नसता, असें माझें मत आहे.

मग कर नकोच काय? तसेंही मी म्हणत नाहीं. बांधलेल्या घरापेक्षां मोकळ्या भूखंडावर तो असावा, आणि विकण्यापेक्षां रिकामें ठेवण्यावर असावा. अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ हेन्री जॉर्ज यांनीं १८७९ सालीं हाच मुद्दा मांडला होता: जमिनीची किंमत धन्याच्या श्रमानें नव्हे तर भोंवतालच्या समाजाच्या श्रमानें वाढते, म्हणून कर जमिनीवर घ्यावा व बांधकामास मोकळें सोडावें. महानगरपालिकेस मोकळ्या जागेवर मालमत्ताकर घेतां येतो. तो इतका हलका असतो कीं बाभळी वाढविणें परवडतें. हा कर वर्षानुवर्षें चढत गेला तर धारकास एक तर बांधावें लागेल, नाहीं तर बांधणाऱ्यास द्यावें लागेल. त्यांत दाबून बसण्याचाही लाभ उरत नाहीं. अर्थात् येथेंही ज्यानें कर्ज काढून एकच जागा घेतली व बांधण्यास पैसा नाहीं, त्यास कांहीं वर्षें सूट दिली पाहिजे. कचेरींतून हें सर्व निवाडे करणें सोपें नाहीं. परंतु सोपें काम म्हणून चुकीचा कर बसविणें बरें नव्हे.

इसाराच्या सौद्यांची नोंद हा त्याहून निकडीचा प्रश्न आहे. इसारपावतीची नोंदणी अल्प फीमध्यें व तत्काळ होऊं लागली, आणि नोंद नसलेल्या पावतीवर पुढें सौदा देतां येणार नाहीं असें ठरलें, तर मधले हात उजेडांत येतील. आज कोण किती वेळां फिरवितो हेंच सरकारास दिसत नाहीं. न दिसणाऱ्या वस्तूवर कर म्हणजे दिसणाऱ्या बिचाऱ्यांवर कर.

वर्गांतील चर्चेनंतर त्या विद्यार्थ्यास मीं एक काम दिलें, तेंच इतरांनीं सुटींत करून पहावें. नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर 'सूची क्रमांक दोन' पाहतां येते. तींत दस्ताची तारीख, मोबदला व बाजारमूल्य दिलेलें असतें. आपल्या गल्लीजवळचा एक मोकळा भूखंड निवडावा, त्याची दहा वर्षांची सूची उतरून घ्यावी आणि मग शेजारच्या वृद्ध गृहस्थांस विचारावें कीं, या जागेचे सौदे किती झाले. त्या मुलानें आपल्या घरामागच्या भूखंडाची वही करून आणली. डाव्या पानावर दप्तरांतील एक दस्त होता. उजव्या पानावर पानवाल्यानें, दुधवाल्यानें व एका निवृत्त तलाठ्यानें सांगितलेलीं चार नांवें होतीं, आणि चौथ्या नांवापुढें त्यानें पेन्सिलीनें लिहिलें होतें: "यांनींही बांधलें नाहीं."